चुलतीची साक्ष
सून माझ्या गुडघ्यावर निरगुडीचा गरम पाला बांधत होती, आणि त्या उग्र वासासरशी मला तीसेक वर्षांपूर्वीची सांगलीच्या कोर्टातली एक सकाळ आठवली. कडेगावजवळच्या आमच्या गावात सरकारी खात्याच्या ट्रकनं चुलतीचा पाय चिरडला होता. खालच्या कोर्टानं भरपाई मंजूर केली, तर खातं अपिलात गेलं. मी चुलतीला एसटीनं घेऊन गेलो, तेव्हा तिच्या पायाला असाच पाला बांधलेला होता आणि कोर्टभर त्याचा वास सुटला होता. सरकारी वकिलांनी तिची जुनी साक्षच वाचून दाखवली. पाय आता कसा आहे, असं विचारल्यावर ही म्हणाली होती, "बरा हाय." मला तिचा असा राग आला! कुणी विचारपूस केली की बरं हाय म्हणायचं, ही आमच्याकडची रीत, पण कोर्टात? जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "आजी, भाकरी खाली बसून थापता का?" "न्हाई जी, पाय मुडपत न्हाई. चूल ओट्यावर घेतलीया, उभ्यानंच थापती." "आणि जेवता कशा?" "उभ्यानंच. पन बरं हाय." सरकारी वकीलसुद्धा खाली बघून हसले. अपील त्याच दिवशी फेटाळलं, आणि स्टँडवर चुलतीनं मला गरम भजी खाऊ घातली, स्वतः उभी राहून. "मामा, आता कसं वाटतंय?" सुनेनं गाठ मारत विचारलं. गुडघा नुसता ठणकत होता. "बरं हाय," मी म्हणालो.