ताईच्या वजनाचे तांदूळ

जगातली कुठलीही वस्तू आहे तशी ठीक आहे, असं आमच्या दाजींनी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. ती फेकून नवी आणावी, असंही ते कधी म्हणाले नाहीत. त्यांना ती फक्त थोडीशी सुधारायची असते. हे 'थोडीशी' कानावर पडलं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमा कचेरीतून निवृत्त, मुक्काम बरकतपुरा, दुसरा मजला. त्यांनी घरातला पंखा थोडासा सुधारला, तेव्हापासून तो भिंतीवरची कॅलेंडरं फडफडवतो, पण खाली बसलेल्या माणसाला वारा लागत नाही. कुकरची शिट्टी थोडीशी सुधारली, तर ती वरण शिजायच्या आधी चार घरांना ऐकू जाते आणि शिजल्यावर गप्प बसते. एकदा त्यांच्याकडे हात धुताना मी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. हिमायतनगरला घरी येऊन बघतो तर ते दहा मिनिटं पुढे. फोन केला, तर म्हणतात, "तुम्हाला सगळीकडं उशीर होतो ना, म्हणून थोडंसं पुढं केलं." आणि वर मी आभार मानीन म्हणून फोन धरून बसले!

हे सगळं एक वेळ परवडलं. माझ्या आयुष्याचं मातेरं केलं ते त्यांच्या मोटरसायकलनं. टू-स्ट्रोक, शंभर सीसीची, इतकी जुनी की तिचे पार्ट विकणाऱ्यांची मुलंसुद्धा आता निवृत्तीला आली असतील. तरुणपणी दाजींनी तिचं मडगार्ड वर चढवलं, सायलेन्सर कमरेपर्यंत उचलला, मोठाल्या दातांचे टायर घातले आणि तिला डर्ट बाइक म्हणायला लागले. तेव्हा शहराबाहेर नुसते खडक होते. रविवारी दाजी आणि त्यांचे दोस्त त्या खडकांतून गाड्या उडवायचे. आता त्या खडकांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, दोस्त नातवंडांत रमलेत आणि गाडी बरकतपुऱ्यात जिन्याखाली उभी असते. उभी असते म्हणजे काय, अख्खी कधीच नसते. चाकं जिन्याखाली, टाकी बाल्कनीत आणि इंजिन ताईच्या ओट्यावर, कढईच्या शेजारी! बरं, त्या इंजिनाला कुणी नाव ठेवलेलं यांना खपत नाही. एकदा मी नुसतं म्हणालो, "दाजी, धूर किती सोडते हो!" तर दोन महिने माझ्याशी ताईमार्फत बोलत होते. "तुझ्या भावाला सांग, चहा घे म्हणावं." आणि मी समोर बसलेलो!

हौस असेल तर असो बापडी. पण गेल्या वर्षी या हौशीला कारण मिळालं आणि मग काही विचारू नका. उप्पलच्या पुढे एका टेकडीवर आमच्या लोकांचा छोटासा विहार आहे, मराठवाड्यातून नोकरीसाठी इकडे आलेल्या आमच्या आईबापांच्या पिढीनं बांधलेला. ताई तिथं दर रविवारी पोरांना मराठी वाचायला शिकवायची. शाळेत तेलुगू, गल्लीत दखनीतलं 'हौ' आणि 'नक्को', अशी ती पोरं तिच्यामुळे अडखळत का होईना मराठी पुस्तक उघडू लागली होती. मग ताईचे गुडघे गेले आणि टेकडी बंद झाली. वाट सगळी दगडधोंड्यांची आणि अरुंद. जीप जात नाही, ऑटोवाला पायथ्याशीच हात जोडतो. वैशाख पौर्णिमेला वंदना झाल्यावर पोरं सगळ्यांसमोर मराठी वाचून दाखवणार होती आणि ताईला काहीही करून ते ऐकायचं होतं. विहारातली तरुण मंडळी म्हणाली, "खुर्चीत बसवून उचलून नेतो." ताई उसळली, "मी काय कपाट आहे उचलून न्यायला?" तेव्हा दाजी म्हणाले, "मी नेतो गाडीवर. पायथ्यापासून वरपर्यंत. पाय म्हणून जमिनीला लावू देणार नाही. फक्त इंजिन थोडंसं सुधारावं लागेल." आणि ताई चक्क लाजली. पासष्टीची बाई! माझा नुसता संताप झाला.

झाली सुधारणा सुरू! आधी सायलेन्सरमधली काजळी काढायची म्हणून तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घातला, तोही अंघोळीच्या बादलीत. त्या बादलीत मी हात बुचकळले आणि आठवडाभर माझ्या बोटांची सालं निघत होती. मग जुने रेसवाले पेट्रोलमध्ये एरंडेल घालायचे, हे यांना कुठूनसं आठवलं आणि ताईची गुडघ्यांना चोळायची एरंडेलाची बाटली टाकीत रिकामी झाली. गाडी सुरू केली तर अख्ख्या गल्लीत तळणीचा वास! खालच्या मजल्यावरच्या तेलुगू आजी वर येऊन "ए पंडुग?" म्हणजे आज कुठला सण, असं विचारून गेल्या. ताई म्हणाली, "अहो, आता माझ्या गुडघ्यांना काय चोळू?" "त्यांच्यासाठीच तर चाललंय," दाजी म्हणाले. आता या माणसाला काय बोलायचं! पुढच्या आठवड्यात कानस घेऊन त्यांनी सिलिंडरचं धूर बाहेर पडायचं भोक थोडंसं वर वाढवलं. सपाट रस्त्यावर गाडी अशी सुटली की दाजींची टोपी काचीगुड्यालाच राहिली. पण चढ आला की मात्र बसकण मारायची. ओळखीच्या मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. "साब, चढाव कू ताकत होना, तुम खाली रफ्तार बना दिये!" म्हणजे चढाला ताकद हवी आणि यांनी नुसता वेग वाढवला. दाजींना तो अपमान वाटला. मग मला बरोबर घेऊन त्यांनी सिकंदराबादची जुन्या स्पेअरची दुकानं भर उन्हात पालथी घातली, दुसरा जुना सिलिंडर मिळवला आणि या वेळी कानस मी लपवून ठेवली.

आता गाडी तयार झाल्यावर ताईला मागे बसवून एकदा चढवून बघावी, इतकी साधी गोष्ट. पण नाही! "ऐन दिवसाच्या आधी तिच्या गुडघ्यांना धक्के नकोत. तेवढ्याच वजनाचं काहीतरी ठेवून बघू," म्हणाले आणि सरळ ताईला वजन विचारलं. माझ्यादेखत! ताई पोळ्या करत होती. लाटणं थांबलं. "पंचावन्न," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. गुडघ्याच्या डॉक्टरकडे तिला मीच नेतो. तिथला वजनकाटा मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला आहे. पण थोरल्या बहिणीच्या त्या नजरेपुढे तोंड उघडायची माझी काय टाप! मग पंचवीस-पंचवीस किलोंची सोनामसुरी तांदळाची दोन पोती मागच्या सीटवर दोरानं आवळली, त्यावर पाच किलो आट्याचं पाकीट, आणि टेकडीवर चाचणी झाली. गाडी खोकली, थरथरली, पण चढली. दाजी वरून हात उंचावून ओरडले, "साळेबुवा, पाय नाही लागला!" जसे काही त्या पोत्यांना पायच होते.

पौर्णिमेच्या सकाळी गाडी ट्रॉली ऑटोत घालून पायथ्याशी आणली, कारण म्हणे इंजिन टेकडीसाठी ताजंतवानं राहिलं पाहिजे. ताई मागून रिक्षानं आली, पांढरंशुभ्र पातळ नेसून. तेल थुंकणाऱ्या सायलेन्सरशेजारी पांढरं पातळ! मी बोलून बोलून थकलो. तिनं दाजींचा खांदा धरला आणि गाडी निघाली. मी मागून एरंडेलाचा धूर खात, धापा टाकत चढत होतो. अर्धी टेकडी झाली, वाटेतला मोठा खडक मागे पडला आणि अगदी शेवटच्या वळणावर गाडीनं मान टाकली. इंजिन नुसतं ओरडत होतं आणि चाक जागच्या जागी मुरूम उडवत होतं. वर वंदना संपत आलेली ऐकू येत होती. विहारातली दोन-चार माणसं कठड्याशी येऊन खाली बघत होती. ताईचा चेहरा लालबुंद झाला. तिला कळलं होतं. "अहो, मी उतरते," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली आणि तिनं एक पाय खाली सोडला.

दाजींनी वळून तिच्याकडे पाहिलं. पोती घेऊन चढलेली गाडी हिला घेऊन का चढत नाही, हे महिनाभर वजनाचा काथ्याकूट केलेल्या माणसाला कळलं नसेल होय? ते वरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाय वर घे. तुझा काय संबंध? हे इंजिनच बेकार आहे. कार्बोरेटरमध्ये कचरा आला असणार." बेकार! त्या इंजिनाला! माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. मग ब्रेक दाबून धरून ते स्वतः खाली उतरले, हँडल धरून पहिल्या गिअरमध्ये गाडीच्या बाजूनं चालू लागले आणि माझ्यावर खेकसले, "साळेबुवा, बघता काय? लावा हात!" मी मागून ढकललं. माझा नवा शर्ट तेलानं माखला. ताई सीटवर एकटी, दोन्ही हातांनी टाकी धरून ताठ बसून विहाराच्या दारात पोचली. पोरं धावत आली. तिचा पाय टेकला तो थेट दारातल्या फरशीवर.

पोरांनी वाचलं. अडखळत वाचलं, आणि ताई पातळावर काळे ठिपके घेऊन पुढच्या रांगेत बसून ओठ हलवत त्यांचे शब्द पुरे करत होती. दाजी बाहेर पायरीवर घाम पुसत बसले होते. पुढं आठवड्यानं मी विचारलं, "दाजी, कार्बोरेटर साफ केलात का?" "कशाला? त्याला काय झालंय?" ते म्हणाले आणि मग गडबडीनं चष्मा पुसायला लागले. मला राग यायला हवा होता, पण तेव्हा नेमका आला नाही.

पुन्हा वैशाख जवळ आलाय. परवा गेलो तर गाडी जिन्यासमोर अख्खी उभी. मागच्या चाकाला, चढावर जोर मिळावा म्हणून, दोन दाते जास्त असलेलं चेनचं नवं चक्र. सीटवर तीच दोन पोती, आट्याचं पाकीट आणि त्यावर आणखी एक, दहा किलोंची पिशवी. "दाजी, ही वरची कशाला?" मी विचारलं. ते माझ्याकडे न बघता दोर आवळत म्हणाले, "टेकडीवर समोरून वारा असतो ना. त्याचं थोडंसं वजन धरलंय."

मी वर बघितलं. ताई बाल्कनीत उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता चिडून आत जाईल. पण ती कठड्याला टेकून बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "अहो, वर वारा जास्त असतो. अजून दोन किलो ठेवा."

दाजींनी खाली मान घालूनच 'बरं' म्हटलं. मी मुकाट्यानं वर गेलो आणि स्वयंपाकघरातून तूरडाळीची दोन पाकिटं घेऊन खाली आलो.