माझ्या वाटचा तांब्या

माझ्या वडिलांची अशी ठाम समजूत होती की जिथे न्हाणी आहे तिथे अळू लागणारच. नांदगाव पेठेजवळ आमचा मळा होता. आमची भाजी आणि फुलं अमरावतीच्या बाजारात जात. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू नाही असं घर त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यामुळे लग्न होऊन मी तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यात गेले आणि महिन्याभरात त्यांनी माझ्यासाठी अळूचे कंद पाठवले. चिखलासकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. रेल्वेनं अकोला, तिथून सर्व्हिस मोटारीनं अकोट आणि पुढे बैलगाडी असा प्रवास करून ते गाठोडं माझ्या हाती आलं. सोडलं तर कंदांच्या मधोमध एक बेडूक बसलेला.

माहेरचं माणूस दारात आल्यावर व्हावा तेवढा आनंद मला झाला. हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. मी सोळा-सतरा वर्षांची होते. नवरा अकोटच्या जिनात कामाला. कापसाचा हंगाम चालू होता, त्यामुळे तो आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी यायचा. सासरे दिवसभर शेतात. घरात मी आणि सासू. सासू वाईट नव्हती, पण तिचं बोलणं म्हणजे झाड, सार, घाल, उचल. कामापलीकडचा एकही शब्द न ऐकता माझे दिवसच्या दिवस जात. भांडायला तरी कोणी हवं होतं, मला तर रागही पटकन येतो.

मी न्हाणीच्या मागे कंद लावले आणि त्यांच्यात बेडकाला सोडलं. दुपारी भांडी घासताना मी त्याच्याशी बोलायची. आमच्या मळ्यातल्या कोणत्या वाफ्यातून आलास, वांगी धरली का, आई माझं नाव काढते का. तो गळा हलवत बसायचा. तेवढं पुरायचं मला. वडिलांना कार्ड लिहिलं: अळू छान लागला.

आठ दिवसांत अळूची पानं कडेनं करपली. मी माळ्याची पोर, पान करपलं की पाणी कमी पडलं एवढंच मला शिकवलेलं. मी विहिरीवरून बादल्या ओढल्या आणि ओतल्या. पानं आणखी करपली, मी आणखी ओतलं. बेडकावरही मायेनं तांब्या तांब्या ओतत होते. मग एक दिवस त्यानं खाणं सोडलं. अंगाची चकाकी गेली, डोळे आत ओढले, मागचे पाय ताठ झाले. मी त्याला हळद-तेल लावलं, कारण आमच्याकडे सगळ्यालाच हळद-तेल लावत. तो तडफडला. घाबरून मी त्याला धुतलं, त्याच विहिरीच्या पाण्यानं. मग तो हलेनासा झाला आणि मी तिथेच हुंदके देत बसले.

सासू मागून आली. "काहून वं, काय झालं रडाले?"

मी बेडूक धरलेला हात पुढे केला.

तिनं वाकून पाहिलं. "खाऱ्या पान्यात बेंडूक जगते काय? या इहिरीत पाह्यलं काय तू एक तरी? तोंडानं नाही पेत ते पानी, आंगानं पेते. अळूबी तसाच मेला तुया."

तो सगळा भाग खाऱ्या पाण्याचा. विहीर खारी आहे हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण खारेपणा माणसाच्या जिभेला लागतो, मुळाला आणि कातड्याला लागत नाही, असं मी धरून चालले होते. इतके दिवस मीच बादल्या ओतून त्याला मारत होते. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कोणी मला बोललं नव्हतं.

गोडं पाणी यायचं ते नदीतल्या झिऱ्याचं. वाळूत खड्डा करून, पाझरेल तसं वाटीवाटीनं भरून, सासरे तीन दिवसांआड बैलगाडीत पिंप घालून आणत. ते फक्त पिण्याचं. सासू सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला एकेक तांब्या मोजून द्यायची. बेडकाचा गळा अजून बारीक हलत होता. त्या दिवशीचा संध्याकाळचा तांब्या मी तिच्यासमोर उचलला आणि बेडकाकडे निघाले. तिनं अडवलं नाही.

"तुया वाटचं हाय," ती म्हणाली. "तू पे, नाही त बेंडकाले पाज. पन मंग दुसरा मांगू नोको."

"नाही मांगत," मी म्हटलं. मलाही रागच आला होता.

मी फुटक्या माठाच्या खापरात गोणपाटाचा तुकडा घातला, त्यावर तांब्या रिता केला आणि बेडकाला मधोमध ठेवलं. खापर कणगीमागच्या अंधारात. सकाळी पुन्हा एक तांब्या, कारण आदल्या दिवसाचं पाणी त्याच्या अंगावरच्या मिठानं आणि हळदीनं खराब झालेलं असे. पुढे दोन्ही वेळचं पाणी त्याचं आणि विहिरीचं माझं. पहिले काही दिवस पोट बिघडलं. घशात घोट अडे. नंतर अडेनासा झाला.

पाचव्या दिवशी त्यानं एक पाय आखडून घेतला. मी कुंपणाच्या जुन्या पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, मोडून वाळवी काढली आणि काडीवर त्याच्यापुढे धरली. तो ढिम्म. रोज काढायची, रोज धरायची. नवरा बाजाराच्या दिवशी आला तर मी कणगीमागे पालथी पडलेली. "माह्यासंगं बोलाले येळ नाही अन् बेंडकाची चाकरी करून राहिली," म्हणाला आणि हसला. मी हसले नाही. तू असतोस किती वेळ, असं तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं आणि तो दुसऱ्या दिवशी अकोटला गेला.

मग एका दुपारी वाळवी काडीवरून दिसेनाशी झाली. मला वाटलं खाली पडली. दुसरी धरली, तर जीभ दिसली सुद्धा नाही, वाळवी गेलेली. मी ओरडून सासूला बोलावलं. ती आली, बघितलं आणि म्हणाली, "खाल्लं त." एवढंच. पण ती पीठ मळता मळता उठून आली होती. हाताला पीठ तसंच होतं.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वडील मला न्यायला आले. न्हाणीमागे अळू नव्हता. त्यांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेला लावलं, थुंकले आणि बराच वेळ धोतराला हात पुसत राहिले. मी बेडकाला ओल्या फडक्यात गुंडाळून कडीच्या डब्यात ठेवलं. मोटारीत तो डबा मांडीवरच होता.

मळ्यात पोचल्यावर मी आधी न्हाणीमागे गेले. अळू कमरेएवढा माजलेला. डबा आडवा केला. तो क्षणभर कडेवर बसला आणि उडी मारून पानांत गेला. मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं खरं. बेडूकच तो. मी उगाच उभी राहिले.

आईनं विहिरीचं ताजं पाणी काढून तांब्या हातात दिला. याच पाण्यासाठी मी तिकडे दोन महिने झुरले होते. एक घोट घेतला आणि थांबले.

"पानी बदललं काय वं आपल्या इहिरीचं?"

"नाही व माय, तेच त हाय," आई म्हणाली. "काहून?"

पाण्याला चवच नव्हती. मला मीठ हवं होतं. आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्यादेखत तो अळणी तांब्या शेवटपर्यंत प्याले.