खडपाची वही

श्री. मोरेश्वर पागधरे यांची आणि माझी पहिली भेट आमच्या कारखान्याच्या फाटकावर झाली, आणि त्या भेटीत त्यांनी मला आत सोडलं नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. तारापूरच्या पट्ट्यात रंगासाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या त्या कारखान्यात मी पाठवणी विभागाचा कारकून म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. अंगात नवा शर्ट, खिशात नेमणुकीचं पत्र. पागधरेसाहेब तिथे सुरक्षा अधिकारी होते. त्यांनी पत्र पाहिलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "घरून निघाल्यापासून इथं येईपर्यंत काय चुकता चुकता राहिलं?"

मी म्हणालो, काही नाही. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि आठवलं की सांगा म्हणून ते निघून गेले.

मी गोंधळलो. पहिल्याच दिवशी उशीर होत होता आणि नोकरी एका कोड्यावर अडली होती. अर्ध्या तासाने मला आठवलं, की बोईसरच्या वळणावर बर्फाच्या ट्रकखाली माझी सायकल जाता जाता राहिली होती, कारण मी पाटी वाचत चाललो होतो. हे सांगितल्यावर साहेबांनी एका जाड वहीत ते उतरवून घेतलं, त्यात माझं नाव घातलं नाही आणि मला आत सोडलं. त्या दिवसापासून माझा जो गोंधळ उडाला आहे तो आज त्यांच्या साठाव्या वर्षापर्यंत तसाच आहे. गौरवग्रंथाच्या समितीने माझ्याकडे साहेबांच्या 'मूल्यांचा परामर्श' मागितला आहे. परामर्श घ्यायला आधी माणूस कळावा लागतो. माझ्याकडे आहे तो गोंधळ. तोच नीट लावून देतो.

ती वही म्हणजे खडपाची वही. साहेब मूळचे मुरब्याचे. त्यांच्या वडिलांची होडी होती. समुद्रातून परत आल्यावर मासळी उतरवायच्या आधी त्यांचे वडील किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांना सांगत, की अमुक ठिकाणी पाण्याखाली खडप, म्हणजे खडक, लागलं, जाळं अडकता अडकता सुटलं, तिकडे जाऊ नका. हे सांगून झाल्याशिवाय टोपलीला हात लावायचा नाही, हा त्या घरचा रिवाज. साहेबांनी तो जसाच्या तसा कारखान्यात आणला. पाळी संपली की जाणाऱ्यांनी येणाऱ्यांपुढे उभं राहायचं, काय होता होता राहिलं ते सांगायचं आणि मगच घरी जायचं. साहेब शेजारी बसून बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द लिहून घेत. उत्तरेकडून आलेले कामगार पहिल्या दिवशी सांगायचे, "साहब, आज कुछ नहीं हुआ." साहेब म्हणायचे, "वो तो ठीक है. होते होते क्या रह गया?" तो माणूस माझ्यासारखाच बाकावर बसायचा.

वहीत नाव कधीच नसे. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "जाळं कुठं फाटलं ते सांगायचं. कुनाचं फाटलं ते नाय इचारायचं. इचारलं की दुसऱ्या दिवसापासून कुनी सांगनार नाय." मला तेव्हा वाटलं, गुन्हेगाराला मोकळं सोडण्याची ही उत्तम सोय आहे. पुढे ती सोय माझ्याच उपयोगी पडली, तेव्हा माझं मत बदललं. असं मत बदलायला फार वेळ लागत नाही.

आता मूळ प्रसंग. नव्वदच्या दशकात देशाची दारं उघडली म्हणतात तेव्हा आमच्या कारखान्याची खिडकी उघडली. एका परदेशी कंपनीने आमचा माल वर्षभर घ्यायची तयारी दाखवली. त्या मागणीच्या भरवशावर आमच्या मालकांनी, शेठनी, नवा विभाग उभारला, माणसं घेतली. पण परदेशी कंपनीचे पैसे यायच्या आधी त्यांची प्रश्नपत्रिका आली. चांगली चाळीस पानांची. जोखीम म्हणजे काय, ती तुम्ही कशी हाताळता, कोणते नियम पाळता, पाळत नसाल तर कुणाला कळवता. आमचे मॅनेजर सामंतसाहेब ती तीन वेळा वाचून म्हणाले, की यांना माल पाहिजे की आमची जन्मकुंडली, तेच कळत नाही. पागधरेसाहेबांच्या दारावरची पाटी मात्र लगेच बदलली. 'सुरक्षा अधिकारी' पुसून 'सुरक्षा, अनुपालन व जोखीम अधिकारी' आलं. पगार होता तोच राहिला.

पंचविसाव्या पानावर प्रश्न होता: गेल्या पाच वर्षांत घडलेले आणि घडता घडता राहिलेले सर्व प्रसंग नोंदवा. सामंतसाहेबांनी मला सांगितलं, लिहा, निरंक. यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्या सबंध पट्ट्यात निरंक लिहिण्याची पद्धतच होती. ओढ्याच्या पाण्याचा रंग बघून आज कोणाकडे कोणता माल निघाला हे वाटेवरचा माणूस सांगू शके, पण कागदावर सगळीकडे निरंक. इतकं स्वच्छ हस्ताक्षर आणि इतकी घाणेरडी हवा मी एकाच ठिकाणी आणखी कुठे पाहिलेली नाही.

मी निरंक टंकून सहीसाठी पागधरेसाहेबांकडे नेलं. ते म्हणाले, सही करणार नाही, वही भरलेली आहे. सामंतसाहेबांनी समजावलं, मग दरडावलं. परदेशी पाहुणे तपासायला येणार आहेत, ऑर्डर गेली तर नवा विभाग बंद आणि तुमची खुर्ची आधी जाईल, असंही सांगितलं. पागधरेसाहेबांनी उत्तरादाखल त्या पानावर लिहिलं, 'सोबत वह्या जोडल्या आहेत', आणि खाली सही केली.

वाचकहो, इथे मला थोडं मागे जाऊन एक नोंद सांगितली पाहिजे. आमच्याकडे दोन प्रकारचा माल पिंपांतून जाई. एकाला पाणी लागलं तरी तो निवांत. दुसऱ्याला पाणी लागलं की तापतो आणि विषारी धूर सोडतो. दोन्ही पिंपं दिसायला सारखी, बाहेरून फरक फक्त चिकटवलेल्या पट्टीचा. पाहुण्यांच्या भेटीआधी काही महिने एका पाठवणीत पट्ट्यांची अदलाबदल झाली. तापणाऱ्या मालावर निवांत मालाची पट्टी लागली आणि पिंपं ट्रकवर चढायला लागली. ती तशीच गेली असती तर परदेशातल्या कुठल्या बंदरावर, कुठल्या पावसात, कुणाच्या तोंडावर फुटली असती कोण जाणे. ती पकडली जान्या वरठा या हमालाने. जान्या वाणगावच्या पूर्वेकडच्या पाड्यातला. पावसाळ्यात स्वतःचा भात लावायचा आणि एरवी आमची पिंपं लोटायचा. त्याला पट्टी वाचता येत नव्हती, पण पिंप लोटताना हाताला वजन कळत होतं. पाळी सुटताना तो उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, या कागदाचा डरम रोज जड लागं. आज हलका हाय." साहेबांनी ट्रक फाटकावर थांबवला, पट्ट्या बदलून घेतल्या आणि जान्याचं वाक्य वहीत उतरवलं. खाली लिहिलं, 'पट्ट्यांचा गठ्ठा चुकीचा दिला गेला.' कोणी दिला, ते लिहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी साहेब केळव्याला माझ्या घरी आले. हातात सुक्या बोंबलांची पुडी. आमचं घर शाकाहारी, हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. आईने पुडी दोन बोटांनी धरून बाहेरच्या खुंटीला टांगली. दोन तास साहेब तिच्याशी पानवेलींबद्दल, भरतीबद्दल, सुपारीच्या भावाबद्दल बोलले. ते आता पट्ट्यांवर येतील, मग येतील, अशी वाट बघत मी ओटीवर बसलो होतो. ते चहा पिऊन निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "जेवत जा. बारीक झालात." पुडी आईने शेजारणीला दिली. त्या आठवड्यात मी खरोखरच जेवत नव्हतो.

तर पाहुणे आले. उंच, घामेजलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. मराठीतली वही त्यांना वाचून दाखवायला दुभाष्या म्हणून मला बसवलं गेलं. टेबलाच्या एका बाजूला सामंतसाहेब, दुसऱ्या बाजूला पागधरेसाहेब, मध्ये बारा वह्या. पाहुणे मधूनच कुठलंही पान उघडत आणि माझ्यापुढे सरकवत. मी इंग्रजीत सांगत होतो: झडप उघडी राहता राहता राहिली. शिडीची पायरी निसटता निसटता राहिली. सामंतसाहेबांचा चेहरा पानागणिक उतरत होता. आणि मग पाहुण्यांनी एक पान उघडलं, ज्यावर जान्याचं वाक्य होतं.

मी ते भाषांतर करून सांगितलं. पाहुण्यांनी पेन खाली ठेवलं. नमुन्यादाखल जाणारी ती पिंपं त्यांच्याच देशाला निघाली होती. त्यांनी विचारलं, चुकीचा गठ्ठा कोणी दिला? मी तो प्रश्न साहेबांपुढे मराठीत ठेवला. माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड भाषांतर ते. वाक्य मात्र चार शब्दांचं होतं.

सामंतसाहेब मध्येच इंग्रजीत म्हणाले, एका अशिक्षित हमालाची चूक होती, त्याला आम्ही काढून टाकतो आहोत. पागधरेसाहेबांना इंग्रजी समजत असे, बोलता येत नसे. ते उभे राहिले.

"त्यांना सांगा, तो नाय. त्यानंच पकडलं."

मी सांगितलं.

"मग कोण, असं इचारतील. सांगा, वहीत नाव नाय. नाव पायजेच असंल तर माझं लिवा. वही माझी हाय."

मी तेही शब्दाला शब्द सांगितलं. त्यापुढचं एक वाक्य माझं मला बोलायचं होतं. त्याला दुभाष्या लागला नसता. ते मी बोललो नाही. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, वही मिटली आणि पाणी मागितलं.

पाहुणे गेले. जान्याची नोकरी राहिली, कारण पाहुण्यांसमोर खोटी ठरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी खरी करणं सामंतसाहेबांनाही जड गेलं. पागधरेसाहेबांना मात्र पत्र मिळालं. त्यांची बदली बाग आणि कॅन्टीन या विभागात झाली. ऑर्डर गेली, ती यांच्यामुळेच गेली, असं सगळे धरून चालले होते. नव्या विभागातली माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. साहेब शांतपणे कॅन्टीनमध्ये बसले आणि त्यांनी नवी वही सुरू केली. त्यातली एक नोंद मी पाहिली आहे: 'आमटीत मीठ दुसऱ्यांदा पडता पडता राहिलं.' मी रोज तिथे जेवायला जात होतो. ते रोज वाढप्याला सांगून मला जास्त वाढायला लावत होते. त्यांना माहीत होतं की नाही, हे मला ताटावरून कळत नव्हतं.

दोन महिन्यांनी परदेशातून पत्र आलं. त्याचं इंग्रजी इतकं वळणावळणाचं होतं, की पहिला परिच्छेद वाचून शेठनी पेढे मागवले आणि तोच परिच्छेद वाचून सामंतसाहेबांनी दुसरीकडे अर्ज टाकला. शेवटी शेठनी मला बोलावून सरळ मराठीत विचारलं, हो आहे की नाही? हो होतं. एक अट होती. ती वही चालू राहिली पाहिजे, आणि ती आहे त्याच माणसाकडे राहिली पाहिजे. तो माणूस हलवला तर त्यांना आधी कळवायचं. पट्ट्यांच्या प्रसंगाबद्दल पत्रात अक्षरही नव्हतं. पाहुण्यांना वही आवडली, जान्याचा हात आवडला, की साहेबांचं उभं राहणं, ते कोणालाच उमजलं नाही. साहेबांना पत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "पिंपं नीट पोचली ना?" आणि कॅन्टीनची वही बगलेत मारून ते आपल्या जुन्या खोलीत गेले.

जोखीम आणि अनुपालन यांवर हल्ली मोठ्या हॉटेलांत व्याख्यानं होतात. मीही दोन ऐकली. वक्त्यांनी पडद्यावर चौकोन आणि बाण काढले. त्यांत मुरब्याची होडी कुठे दिसली नाही. पागधरेसाहेब अशा ठिकाणी कधी गेले नाहीत, कोणी बोलावलंही नाही. त्यांच्या वह्या मात्र आता अठ्ठावीस झाल्या आहेत, आणि त्यांत एकाही माणसाचं नाव नाही. सबंध कारखाना बारा वेळा जळता जळता राहिला आणि ज्यांच्यामुळे जळला असता ते सगळे आज सुखरूप निवृत्त होत आहेत, गौरवग्रंथांत लेख लिहीत आहेत.

साहेब, वहीत दुसऱ्याचं नाव घालायचं नाही हा तुमचा रिवाज. स्वतःचं घालायला मनाई असल्याचं मी कधी ऐकलं नाही. तो गठ्ठा मी दिला होता. त्या दुपारी मी एका दिवाळी अंकासाठी सामंतसाहेबांवर विनोदी लेख मनात जुळवत होतो. त्यांच्या मिशीसाठी विशेषण सापडत नव्हतं. विशेषण सापडलं आणि मी हाताला लागला तो गठ्ठा पुढे केला. लेख छापून आला, लोक हसले. जान्या मात्र काढला जाता जाता राहिला आणि तुमची खुर्ची दोन महिने गेली. तुम्हाला हे तेव्हाच ठाऊक होतं का? केळव्याला त्यासाठीच आला होतात का? वाचायला माझ्यापुढे ते पान आलं, हा योगायोग होता का? हे तुम्ही सांगणार नाही, आणि मीही विचारत नाही.

तुमच्या निवृत्तीनंतर मुरब्याच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला तुमचे गुडघे साथ देवोत. डोळ्यांना पुढली चाळीस वर्षं वही दिसो. बोंबील पचोत. या ग्रंथाचं प्रकाशन होईल त्या दिवशी हार घालून झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेऊन काय विचारणार, ते मला माहीत आहे. म्हणून उत्तर आधीच छापून ठेवतो.

आज काय चुकता चुकता राहिलं म्हणाल, तर हा लेख. निरंक जाता जाता राहिला. घ्या लिहून.