छातीवरचं यंत्र आणि आईचं ‘बंद कर’

खोलीत माणूस नसताना पंखा फिरताना दिसला, की आई अंगावर येते. ती मूळची करमाळ्याकडची. तिच्या माहेरी वीज फार उशिरा आली, म्हणून उठलं की आधी बटण बंद. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा निव्वळ छळ आहे! मी भांडायची. धाकटा भाऊ मात्र निमूट बटण बंद करायचा.

तो सैन्यात आहे, बर्फाच्या डोंगरात. गेल्या सुट्टीत जेवताना आईनं त्याला विचारलं, “बर्फात गाडलेला मानूस हुडकत्यात तरी कसा?”

“पूर्वी कमरेला लांब लाल दोरी बांधून चालायचे. बर्फाचा लोंढा आला की माणूस आत जायचा, पण हलकी दोरी कुठंतरी वर राहायची. ती धरून उकरायचं. दोरी दिसली नाही, तर ओळीनं लांब सळया खुपसत जायचं, कुत्री हुंगायची. आता प्रत्येकाच्या छातीवर यंत्र असतं. ते सारखा इशारा सोडत राहतं. कोणी गाडला गेला, की बाकीचे आपापल्या यंत्रावर तो इशारा पकडत त्याच्यापर्यंत जातात.”

“कशावर चालतंय?”

“सेलवर.”

“मग बर्फ येईस्तवर बंद ठिवत जा की. ऐन वक्ताला सेल संपायचं! दोरीच बरी हुती बाबा.”

आम्ही हसलो. भाऊ सवयीनं म्हणाला, “व्हय आई.”

मार्चमध्ये बातमी आली. त्याच्याच भागात बर्फ कोसळला होता, काही जवान खाली होते. त्याचा फोन लागेना. मी स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर करत राहिले. भाजी करपली. टीव्ही, दिवे, पंखे सगळं चालू होतं आणि आईचं लक्षच नव्हतं.

“यंत्र बंद ठिवलं आसंल गं त्यानं,” ती म्हणाली. “मीच सांगितलं की.”

“गप बस ना! तिथं शिकवतात त्यांना सगळं!” मी खेकसले. पण त्याचं ते ‘व्हय आई’ मलाही आठवत होतं. या पोरानं आजवर तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. मला दोघांचाही राग येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर वाजला. मी स्पीकर लावला.

“आई, बरा आहे मी. थोडा वेळ खाली होतो. काढलं मला.”

“यंत्र?” आईनं एवढंच विचारलं.

“चालू होतं. तुझं ऐकलं नाही गं.”

“मुडद्या!” आई ओरडली आणि ढसाढसा रडायला लागली. “लई ब्येस केलंस.”

फोन झाल्यावर मी चहा टाकला. माझा जीव भांड्यात पडला होता. आईनं कपाला हात लावला नाही.

“आन् ऐकलं आसतं तर गं?”

“नाही ना ऐकलं? झालं तर मग.”

चहा निवून गेला. तिनं पुन्हा तेच विचारलं, आणि मी तिचा कप उचलून चहा परत गरम करायला ठेवला.