आरशासारखी नळी

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘जुनी दुनळी शॉटगन, आतून आरशासारखी.’ फोनवर माझं आडनाव ऐकताच विकणारे गृहस्थ मराठीत सुरू झाले. सत्तरी ओलांडलेले, ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांवर काम करून निवृत्त झालेले. मी लेस्टरचा, रविवारी क्लबात हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीनं टिपायला जाणारा.

अनोळखी माणसाकडून बंदूक घेताना मी आधी पैसे पाठवत नाही. दोघांची परवान्याची सर्टिफिकेट्स, बंदुकीचा नंबर, नळीवर ठोकलेले चाचणीचे छाप आणि आकडे, सगळं पाहतो, आणि व्यवहार बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथच्या दुकानात करतो.

“आपल्याच माणसाला दुकानात कशाला भेटायचं?” ते म्हणाले. “घरी ये. पोहे खा.”

मी हो म्हणालो, ती माझी चूक. एकदा कुणाच्या घरी खाल्लं की त्याच्या वस्तूत खोट काढायला जीभ रेटत नाही. म्हणून त्यांच्या घरी त्यांची बायको पोह्यांची बशी घेऊन आली तेव्हा म्हणालो, “आधी मोजतो, काकू.” त्या बशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली. गनस्मिथकडून आणलेला, जाडी आणि आतला व्यास मोजायचा गेज लावला. उजव्या नळीच्या पत्र्याची जाडी ०.६६ मिलिमीटर. डावीची, सर्वांत पातळ जागी, ०.४१. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ नळीला आमचा गनस्मिथ हात लावू देत नाही. मी पुन्हा मोजलं. ०.४१. मग आतला व्यासही मोजला.

“काका, आतून घासलीत का?”

“गंज होता. तीन वीकेंड गॅरेजमध्ये बसून काढला.”

“गंजाबरोबर नळीही काढलीत. आतला व्यास नळीवर ठोकलेल्या आकड्याच्या फार पुढे गेलाय. पुन्हा चाचणी होईपर्यंत ही विकणं गुन्हा आहे. उडवली तर फाटेल.”

“चाळीस वर्षं इंजिनाचे पार्ट मोजले यांनी,” काकू म्हणाल्या. मग विचारलं, “कुठे पातळ आहे?”

मी बोट ठेवलं. “डावा हात धरतो तिथून चार बोटं पुढे.”

“मागच्या महिन्यात मी उडवली होती. यांनीच खांद्याला लावून दिली.”

“झालं का तुला काही?” काका म्हणाले.

काकूंनी बशी टेबलावर ठेवली आणि आत गेल्या.

काकांनी आवाज खाली आणला. “मोजली नसतीस तर घेतली असतीस?”

“घेतली असती.”

“मग मोजली नाहीस असं समज.”

मी गेज पेटीत ठेवून निघालो.

मंगळवारी तीच जाहिरात पुन्हा लागली, पन्नास पौंड कमी करून. मी फोन केला.

“काका, काढा ती.”

“घेणारा बघून घेईल.”

“त्याची बोटं जातील.”

“तू तुझं बघ.”

मी पोलिसांच्या बंदूक परवाना विभागाला फोन केला आणि जाडीचे दोन्ही आकडे सावकाश सांगितले, दशांश चिन्हासकट. पुढच्या आठवड्यात पोलीस काकांच्या घरी गेले. सर्टिफिकेट नेलं, कपाटातल्या तिन्ही बंदुका नेल्या.

त्या संध्याकाळी काकांचा फोन आला.

“बाकीच्या दोन चांगल्या होत्या.”

“असतील.”

“क्लबात काय सांगू मी आता? चाळीस वर्षांच्या ओळखीची माणसं आहेत.”

“आकडे सांगा,” मी म्हणालो.