स्नेझिनाचा रुमाल

आमच्याकडे बल्गेरियात लग्न लागलं, की सासू लाटण्याच्या टोकानं नवरीच्या डोक्यावरची पांढरी ओढणी उचलते आणि लग्न झालेल्या बायकांसारखा रुमाल बांधते. भर अंगणात, सगळ्या गावासमोर.

बेकरीतली स्नेझिना माझी शेजारीण. वय सव्वीस, हात दणकट, जीभ तिखट. गेल्या हिवाळ्यात तिचे सगळे केस गेले, भुवयांसकट. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उठलं होतं. भट्टीपुढे बांधलेला रुमाल सारखा घसरायचा.

"राडका काकू, अंड्याला टोपडं घातल्यासारखं होतं बघा," म्हणायची आणि हसायची. पण ऑक्टोबरात तिचं लग्न होतं. टक्कल नवऱ्यामुलाला माहीत होतं, त्याच्या आईला नाही.

"केसांचा टोप लाव की," मी म्हटलं.

"आणि ओढणीबरोबर तोही लाटण्याला लटकला तर?"

बरोबर होतं तिचं.

प्लोव्दिव शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी जालीम स्टिरॉइड मलम दिलं. झोपताना डोक्याला लावायचं, वर प्लास्टिकची टोपी. सहा दिवस लावायचं, रविवारी सुट्टी. केस येतीलच असं नाही, आले तरी महिने लागतील, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलंय मी. असं खरं बोलणारे डॉक्टर थोडे.

ती सुट्टीच स्नेझिनाच्या आईच्या, गिनकाच्या, डोळ्यांत खुपली. आम्हा बल्गेरियनांचा देवाखालोखाल लसणावर विश्वास. तिसऱ्या रविवारी तिनं अख्खा गड्डा ठेचून पोरीच्या डोक्यावर थापला, वर तीच टोपी चढवली. दुपारपर्यंत टाळूवर फोड.

"अगं, डोकं आहे की खलबत्ता?" मी ओरडले.

"एक दिवस फुकट कशाला घालवायचा?"

"कातडीला आराम नको? तू रविवारी भांडी घासतेस का?"

"घासते की."

मी टोपी काढली आणि पोरीचं डोकं गार पाण्यानं धुतलं.

तीन आठवडे मलम बंद ठेवावं लागलं. पुढचे सगळे रविवार स्नेझिनाला मी माझ्या घरी बसवून घेतलं. ऑगस्टात पीचच्या सालीवर असते तशी पांढरी लव आली. लग्नापर्यंत ती जेमतेम नखाएवढी वाढली, आणि मागचे दोन चट्टे कोरेच राहिले.

लग्नाच्या सकाळी स्नेझिनानं आणून ठेवलेला टोप हातात घेतला, आरशात पाहिलं आणि तो खोक्यात परत टाकला. "बघू दे काय बघायचं ते."

सासूनं, केरानं, लाटणं उचललं. ओढणी गेली. ढोलवाला वाजवायचा थांबला.

केरानं लाटणं खाली ठेवलं. मग कणकेवरून फिरवावा तसा तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, रुमाल बांधला आणि ओढून पाहिला. लवेनं तो धरून ठेवला.

"बसला की छान! थोरल्या सुनेचा तर पहिल्या नाचातच सुटला होता," ती म्हणाली. "काय रे ढोलवाल्या, झोपलास काय?"

स्नेझिना तासभर नाचली. रुमालाला एकदाही हात लावला नाही.

लग्न शनिवारी झालं. सोमवारी मी तिला फोन करून मलमाची आठवण करून दिली. नवी नवरी असली म्हणून काय झालं?