आईंच्या कानाचं मशीन

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा मी एक नियम काढला. भाड्याचं घर आमच्या बोरिवलीच्या घराच्या निम्मं होतं. फ्रिज आणि वॉशिंग मशीन सगळ्यांचं, ते येणार. त्यापलीकडे माणशी विजेवर चालणारी एकच वस्तू. जिच्याशिवाय खरोखर जगता येणार नाही ती सांगा, बाकीचं भंगारात किंवा ज्याला हवं त्याला.

नवरा म्हणाला, "लॅपटॉप. मोबाइल धरायचा नाही."

"का नाही?"

"ती वस्तू नाही गं, तो अवयव आहे."

मी मिक्सर सांगितला. उरल्या सासूबाई. त्या टीव्हीसमोर बसून वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "मला काय विचारतेस? मी लेकीकडे चालले. तिच्याकडे सगळं आहे."

लेक म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. मुलुंडला राहते. घर मोठं, खोल्या भरपूर, बाल्कनीतून डोंगर दिसतो. आईंची ही बातमी अख्ख्या बिल्डिंगला सांगून झाली होती. लिफ्टमध्ये, देवळात, भाजीवाल्यापाशी. "बांधकाम होईपर्यंत मी मुलुंडला. लेक ऐकतच नाही." लेकीनं अजून तसं काही म्हटलेलं नव्हतं, पण आईंच्या मते ते म्हणायची गरज नव्हती. त्यांनी बॅगही भरून ठेवली होती.

मलाही त्या जायलाच हव्या होत्या, हे इथेच सांगून टाकते. एका बेडरूमच्या घरात तीन मोठी माणसं, त्यातलं एक दिवसभर टीव्ही लावणारं. शिवाय लग्न झाल्यापासून मी एक वाक्य ऐकत आले होते, "मुलुंडला असं नसतं." मुलुंडला पोळ्या मऊ असतात. मुलुंडला पडदे दर महिन्याला धुतात. मुलुंडला सुना नाहीत म्हणून सुखाचं आहे, हे त्या बोलत नसत, पण मी समजून घेत असे.

आता कानाच्या मशीनचं सांगते. आई वर्षानुवर्षं कमी ऐकत होत्या आणि ते मानत नव्हत्या. टीव्हीचा आवाज असा, की समोरच्या बिल्डिंगला आमच्या मालिकेची गोष्ट माहीत. मशीन म्हटलं की म्हणायच्या, "मी काय बहिरी आहे?" शेवटी आदल्या वर्षी नवऱ्यानं दोन्ही कानांची मशीनं आणली, आणि एका आठवड्यात बाई पार बदलली. मशीन आंघोळीला आणि झोपताना काढायचं, तेवढंच. बाकी सारा वेळ कानात. कुकरच्या शिट्ट्या मोजू लागल्या, माझे फोन ऐकू लागल्या. त्या बहिऱ्या होत्या तेव्हा मी स्वयंपाकघरात मोकळेपणानं बोलायचे. ते सुख गेलं.

मशीन हल्लीचं होतं, मोबाइलला जोडायचं. दुकानातली मुलगी म्हणाली, आवाज कमी-जास्त करायचा तर ॲपमधून करा. आईंचा फोन बटणांचा. मग मुलीनं ॲप नवऱ्याच्या मोबाइलमध्ये टाकलं आणि मशीन त्यालाच जोडून दिलं. नवऱ्यानं पैसे भरले आणि ॲप विसरून गेला.

त्या दिवसापासून आमच्या घरात रेंज राहिली नाही. म्हणजे नवऱ्याला तसं वाटलं. फोन वाजायचा, हा उचलायचा, पलीकडून आवाजच नाही. "हॅलो, हॅलो. थांबा, बाहेर येतो." जाळीचा दरवाजा उघडून हा पॅसेजमध्ये, तिथून जिन्यावर. जिन्याच्या वळणावर आवाज यायला लागायचा. मुंबईत कुणाला याचं नवल वाटत नाही. अर्धी मुंबई गॅलरीत उभी राहूनच बोलते. त्यानं दोनदा कंपनी बदलली, टॉवरला शिव्या दिल्या, समोर उंच बिल्डिंग झाली तिला दोष दिला. माझ्या मोबाइलला त्याच घरात उत्तम रेंज होती. तो म्हणायचा, "तुझं नशीब चांगलं."

मला कळलं ते मेथी निवडताना. घर रिकामं करायच्या आधीचेच दिवस. आई हॉलमध्ये मेथी निवडत होत्या, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. नवऱ्याचा फोन वाजला. तो नेहमीसारखा "हॅलो, हॅलो" करत दाराकडे निघाला, आणि आई मेथीकडे बघत स्पष्ट म्हणाल्या, "नको आम्हाला कर्ज."

नवरा बाहेरून परत आला आणि म्हणाला, "कोणी नव्हतं. कर्जवाले."

मी घडी हातात धरून तशीच बसले. मग सगळं जुळलं. याचा फोन घरात बहिरा का होतो आणि जिन्यावर बरा का होतो. पलीकडचा माणूस घरात बोलायचा तो याच्या फोनमधून नाही, थेट आईंच्या कानात बोलायचा. हा जिन्यापर्यंत पोचेतो जे काय बोलणं व्हायचं ते सगळं त्यांना.

मी आधी खात्री केली. दुसऱ्या दिवशी नवरा घरून काम करत होता. मी अंधेरीच्या ऑफिसातून त्याला फोन लावला आणि तो "हॅलो, हॅलो" करत असताना म्हणाले, "काल आमटीत गूळ फार होता." तो जिन्यावर पोचल्यावर विचारलं, "दूध आणलंस का?" संध्याकाळी आमटी आली. गुळाचा खडा नव्हता तिच्यात.

ही सोय मी कुणाला सांगितली नाही. घरात एक उपयोगी वस्तू सापडली तर माणूस ती वापरतो. सासूला तोंडावर जे बोलता येत नाही ते मी ऑफिसातून बोलू लागले. टीव्ही जरा कमी लावला तर बरं. शेजारी माझा पगार सांगायची गरज नाही. कामं होऊ लागली. नवऱ्याला वाटायचं मी हल्ली फार फोन करते, प्रेम वाढलंय.

मग एका रविवारी सकाळी मुलुंडचा फोन आला. नवऱ्यानंच शनिवारी बहिणीला मेसेज केला होता, आईची बॅग भरून तयार आहे, कधी आणून सोडू. फोन वाजला तेव्हा आई दिवाणावर बसून वाती वळत होत्या. नवरा उठला. "हॅलो, ताई. हॅलो. आवाज नाही येत गं, थांब, खाली येतो." चपला सापडेनात. एक दिवाणाखाली गेली होती. ती काढेपर्यंत वेळ गेला. ताईंना काही थांबून बोलायची सवय नाही. तुझा आवाज येतोय ना मला, मग ऐक, असा त्यांचा खाक्या.

मी आईंकडे बघत होते. त्यांचा हात वातीवर थांबला. मग पुन्हा वळू लागला, पण वात काही होईना, कापूस नुसताच लांबत गेला.

नवरा बऱ्याच वेळानं वर आला. "ताई म्हणतेय, भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालंय. घरात फार धावपळ होईल. दिवाळीनंतर बघू म्हणते." आई म्हणाल्या, "हो का? बिचारे." तो आंघोळीला गेला.

मी समोर जाऊन बसले. "काय म्हणाल्या ताई?"

आईंनी नाटक केलं नाही. "तुला कधीपासून माहीत?"

"मेथीच्या दिवसापासून."

"वाटलंच मला. मुद्दाम गुळाचं बोललीस." कापूस डब्यात टाकला. "म्हणाली, आई आली की घराला म्हातारीचा वास लागतो. पडदे धुतले तरी जात नाही. दोन दिवस ठीक आहे, वर्षं काढायची म्हणजे मला जमणार नाही. तुझी बायको आहे की, तिला सवय आहे."

बाथरूममध्ये नळ चालू होता. आईंनी विचारलं, "येतो का?"

"काय?"

"वास."

"येतो," मी म्हणाले. "डोक्याच्या तेलाचा आणि बामचा. आणि ती गोधडी तुम्ही धुवायला देत नाही, तिचा."

"कधी बोलली नाहीस."

"बोलून काय करायचं? तुम्ही मुलुंडला जाणारच होतात."

त्यांनी मान हलवली. राग आलेला दिसला नाही. त्या उठल्या, भरलेली बॅग उघडली आणि एकेक लुगडं परत कपाटात ठेवू लागल्या, जे कपाट आम्ही दोन दिवसांनी विकणार होतो. मी त्यांना थांबवलं नाही. गोधडी मात्र त्यांनी स्वतः आणून वॉशिंग मशीनमध्ये टाकली.

पुढच्या रविवारी ताई आल्या. हातात मिठाई आणि एक मोठा पांढरा खोका. आई आधीच दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. जाळीचा दरवाजा बंद, पण आतला सताड उघडा. पॅसेजमध्ये शेजारणी सामानाच्या खोक्यांपाशी उभ्या होत्या, त्या दिवसांत सगळ्या मजल्यांवर तेच चाललं होतं. आईंच्या कानावर केस होते. मशीन आत आहे की नाही ते दिसत नव्हतं. मला माहीत होतं. सकाळी मीच चार्जरवरून काढून दिलं होतं.

"आई, कशी आहेस?"

"काय?"

"कशी आहेस, म्हटलं?"

"मशीन बिघडलंय बाळ. मोठ्यानं बोल."

ताई मोठ्यानं बोलल्या. "तुला न्यायचंच होतं गं, पण यांचं गुडघ्याचं निघालं ना."

"कुणाला न्यायचं?"

"तुला. तुला न्यायचं होतं."

"मग चल की. बॅग भरते."

"अगं नाही, आत्ता नाही जमणार. ऑपरेशन आहे."

"कुणाचं?"

"यांच्या गुडघ्याचं, आई." आता त्या ओरडत होत्या. खालच्या मजल्यावरचं बोलणंही थांबलं. पॅसेजमधल्या एकीनं, जिला आईंनी मुलुंडची बाल्कनी तोंडपाठ करून दिली होती, खोका उचलला आणि परत खाली ठेवला.

"मागच्या नवरात्रात गच्चीत गरबा खेळत होते ना जावई? फोटो दाखवलास तू," आई म्हणाल्या. "एवढ्यात गुडघे गेले? अरेरे. मग दिवाळीला नेशील?"

"बघू ना."

"काय?"

"बघू, म्हटलं."

असं त्यांनी लेकीकडून सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. लेकीचा घसा बसला. नवरा म्हणाला, "आई, बस ना आता, पाणी तरी पिऊ दे तिला." ताईंनी मग घाईघाईनं खोका उघडला. आत टॅब होता. "हे बघ काय आणलंय तुला. रोज व्हिडिओ कॉल करू. मी तुला दिसेन, तू मला दिसशील. मुलुंडला आल्यासारखंच."

आईंनी टॅब हातात घेतला, उलटा करून बघितला, काचेवर बोट फिरवलं.

"यातून वास नाही ना येत?"

हे त्या मोठ्यानं नाही बोलल्या. अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं फळ घेताना विचारतात. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खोक्यातला चार्जर काढून पिन कुठली आहे ते बघत होते.

भावाबहिणीचं जिन्यावर जोरात झालं. "तू आईला जाऊन सांगितलंस?" "काय सांगितलं?" "वासाचं." "तू असं काही बोललीच नाहीस ताई." आणि तो खरं तेच बोलत होता. ते वाक्य त्यानं ऐकलंच नव्हतं, त्या वेळी तो दिवाणाखाली चप्पल शोधत होता. जिन्यावर त्याच्या कानी आलं ते फक्त गुडघ्याचं. ताईंना तो निगरगट्ट खोटारडा वाटला. त्या चहा न घेता गेल्या. राखीपौर्णिमेला राखी कुरियरनं आली.

नवऱ्याला अजून कळलेलं नाही. तो मला विचारतो, ताईला कसला वास आला असेल गं? मी म्हणते, तुझी बहीण, तुला माहीत. आई गप्प बसतात. त्या बाबतीत आमची दोघींची एकी आहे, आयुष्यातली पहिली.

भाड्याच्या घरात आल्यावर मी नवऱ्याचा मोबाइल घेतला आणि आईंना विचारलं, "काढून टाकू हे जोडलेलं?"

"टाक. ऐकायचं ते ऐकून झालं."

नवरा म्हणतो, इथे रेंज झकास आहे. आई आता हॉलमध्ये झोपतात. डोक्याचं तेल मी बदललं, त्यांनी तक्रार केली, मी ऐकली नाही. "मुलुंडला असं नसतं" हे वाक्य घरातून गेलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी आलेली शांतता मला फारशी सोसत नाही. निदान त्या वाक्याला मनातल्या मनात उत्तर तरी देता यायचं.

टॅब आहे. माझ्या नियमात बसत नव्हता, पण आईंनी त्यांच्या वाट्याची वस्तू म्हणून तोच मागितला. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकतील. दर रविवारी अकराच्या सुमाराला तो वाजतो. मी लावून देते, समोर डब्याला टेकवून उभा करते. ताई दिसतात, मागे बाल्कनी, डोंगर. आई पदर सारखा करतात, लेकीकडे बघून छान हसतात. मग कानांतली दोन्ही मशीनं तिच्या देखत काढतात, डबीत ठेवतात, डबीचं झाकण लावतात आणि वाती वळायला घेतात.

ताई बोलत राहतात. न बोलून करतील काय, आई तर समोर हसत बसलेली असते. मी पोळ्या लाटत असते.

"झालं का गं तिचं?" आई मला विचारतात. बहिरं माणूस विचारतं तसं, खणखणीत. मुलुंडपर्यंत जाईल असं.

मी लाटणं हलवून सांगते, "अजून नाही."

"झालं की सांग," त्या म्हणतात, आणि पुढची वात घेतात.